पट्टीकाकांना काढलं त्या रात्रीचं प्रकरण

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री पावणेबाराच्या सुमारास सांगलीतल्या आमच्या ऑनलाइन पूरमाहिती समूहातून आम्ही पट्टीकाकांना काढून टाकलं. काढताना स्क्रीनवर एक चौकट येते, या सदस्याच्या गेल्या काही दिवसांतल्या पोस्टही काढायच्या का म्हणून. घाईत तिच्यावरही बोट पडलं. काकांना काढणं बरोबर होतं की नाही, यावर आमच्यात आजही एकमत नाही. त्या चौकटीबद्दल मात्र आहे.

हे प्रकरण मी समूहाच्या पाच मॉडरेटरांपैकी एक म्हणून लिहितोय, त्यामुळे तटस्थ नाही. कुणाचं नाव दिलेलं नाही. ज्या समाजमाध्यमावर हा समूह आहे त्याचंही दिलेलं नाही.

समूह आणि त्याचे पाच राखणदार

समूह सुरू झाला ऑगस्ट २०१९ मध्ये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा. या पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोक्याची, म्हणजे किती पाणी होतं ते बाहेरच्या वाचकाला कळावं. कुणाच्या गच्चीवर दूध पोचवायचं, कुठं बोट हवी, कुणाचं डायलिसिस चुकलंय, यासाठी चार पोरांनी तो काढला. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला आणि समूह फुगला. एरवी चार महिने पूर आणि आठ महिने भडंग, असं त्याचं वेळापत्रक. पाणी उतरलं की जुन्या गाड्या, बेदाण्याचा दर आणि भाड्याच्या खोल्या. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरचा वाद इतका वाढायचा की आम्ही तो फक्त रविवारी घालायची परवानगी दिली होती, आणि गंमत म्हणजे हा एकच नियम लोकांनी मनापासून पाळला.

मॉडरेटर पाच. मी विश्रामबागेत राहतो, छपाईचा धंदा. मिरजेचे एक औषध दुकानदार. सांगली कोर्टात वकिली करणाऱ्या एक बाई, ज्यांना आम्ही सगळे वकीलताई म्हणतो. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी. आणि पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी, जिचं माहेर गावभागात. तिला झोप कमी, म्हणून रात्रपाळी तिची.

नियम वर चिकटवलेले होते, तीन ओळींचे. खोटी माहिती टाकू नये. राजकारण नको. नियम मोडल्यास काढलं जाईल. पाच वर्षं हे पुरले. का पुरले, तर कुणी ते नीट वाचले नव्हते. आम्हीसुद्धा.

पट्टीकाका

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पुलावर जाऊन पातळीची पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, वहीत लिहायची आणि वहीच्या पानाचा फोटो टाकायचा, हा त्यांचा पावसाळी नेम. म्हणून पट्टीकाका. सरकारी आकडा येतोच, पण लोकांना काकांच्या अक्षरातला आकडा लागायचा.

त्यांचं खरं काम वेगळंच होतं. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन पुरांच्या आठवणीतून, घरोघरी विचारून, त्यांनी एक तक्ता केला होता. पट्टीवर किती फूट झालं की कुठल्या गल्लीत कुठल्या पायरीला पाणी लागतं, त्याचा. शहरात सगळ्यांना ढोबळ माहीत असतं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडच्या सखल भागात पाणी इशारा पातळीच्या आतच शिरतं. पण काकांच्या तक्त्यात ‘दत्तनगर, निळ्या दाराचं घर, दुसरी पायरी’ असं लिहिलेलं असायचं. सरकारी सूचनेत ‘सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे’ असतं. निळ्या दारवाल्याला त्यातून काय कळणार?

दर पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की काका तो तक्ता नव्याने टाकायचे. त्या आठवड्यात टाकला होता. हे लक्षात ठेवा.

त्या संध्याकाळच्या तीन पोस्ट

पाणी चाळिशीच्या आसपास घुटमळत होतं. कोयनेतून विसर्ग सुरू होता, वर पाऊस होता. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं, तिथून सांगलीपर्यंत वाटेतले ओढे भर घालतात, आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणा भरलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं. त्यामुळे ‘धरणातून इतके क्युसेक सोडले म्हणजे पुलावर इतके फूट’ असा सरळ हिशोब कुणालाच करता येत नाही. तरी सगळे करतात.

त्या एका संध्याकाळी आमच्याकडं तीन पोस्टवर तक्रारी आल्या. पहिली एका तरुण पोराची. बोटीतून माणसं काढतानाचा व्हिडिओ, वर लिहिलेलं ‘आत्ताचं दृश्य, सांगली’. व्हिडिओ २०१९ चा होता, त्यातलं दुकान तर आता राहिलेलंही नाही. त्याला कुणीतरी पाठवला, त्याने पुढं ढकलला. दुसरी पोस्ट तासाभरापूर्वी सामील झालेल्या एका अकाउंटची. पूरग्रस्तांसाठी मदत म्हणून क्यूआर कोड. कोण, कुठली संस्था, काही पत्ता नाही. तिसरी काकांची, शब्द साधारण असे : ‘माझा हिशोब. उद्या दुपारपर्यंत ४४-४५. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटवाल्यांनी रात्रीच निघावं.’

प्रशासनाचा अंदाज यापेक्षा बराच कमी होता. काकांच्या पोस्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आणि जाता जाता कुणीतरी वरची ओळ कापली. ‘माझा हिशोब’ गेला, ‘रात्रीच निघावं’ राहिलं. अकरानंतर लोक कपाटं माडीवर चढवायला लागले. एका घरातल्या आजींना भर पावसात रिक्षात घालून नातेवाइकांकडं हलवलं. तिथून आम्हाला फोन, हे खरं आहे का?

पुण्याच्या मुलीने पंधरा मिनिटांत तिन्ही अकाउंट काढली. ठरावीक दिवसांसाठी निलंबन करायची सोयही तिथंच होती, पण तिने कायमची बंदी टाकली, कारण ते बटण वर होतं. हे तिनेच नंतर प्रामाणिकपणे सांगितलं. तिन्ही पोस्टना नियम एकच लागला होता : खोटी माहिती.

मध्यरात्र

काकांची पोस्ट गेली, तिच्याबरोबर आठवडाभराच्या नोंदी गेल्या, आणि तक्ता गेला. साडेबारापासून कमेंट यायला लागल्या. तक्ता कुठंय? काकांचा तक्ता दिसत नाही. आमच्या बोळाच्या तोंडाशी आलंय, ४१ ला कुठपर्यंत येतं? मी जागा झालो तेव्हा अशा कमेंटची रांग लागलेली. आमच्यापैकी कुणाकडंही त्याची प्रत नव्हती. पाच वर्षं आम्ही समूह चालवत होतो आणि त्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट एका माणसाच्या अकाउंटला टांगलेली आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी दत्तनगरातल्या एका वहिनींनी फ्रिजवर चिकटवलेल्या छापील तक्त्याचा फोटो टाकला. ४१ च्या ओळीवर चहाचा डाग. नेमकी तीच ओळ लोकांना हवी होती.

पाणी दुसऱ्या दिवशी काकांच्या आकड्याच्या बरंच खाली थांबलं. म्हणजे काका चुकले होते. हे आधीच सांगतो, कारण अशा गोष्टीत शेवटी काढलेला माणूसच बरोबर निघाला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. तसं झालं नाही.

आणि काका? त्यांना काढलंय हे त्यांना कळलंच नव्हतं. समूह दिसेना, तेव्हा त्यांना वाटलं नेट गेलं. सकाळी पुलावरून येताना दुकानात जाऊन रिचार्ज मारून आले. तरी दिसेना. मग पुतणीला फोन दाखवला.

आमचंच पत्र

पुतणीने वाद घातला नाही. तिने आम्हाला एक पत्र पाठवलं. पत्र आमचंच होतं.

त्याची कथा जूनमधली. मिरजेच्या औषधवाल्यांचं अकाउंट त्या समाजमाध्यमाने अचानक बंद केलं होतं. कारण म्हणून एवढंच दिसायचं की हिंसेसंबंधीच्या नियमांचं उल्लंघन. आमचा तर्क असा, की भडंगाची पुडी आणायला विसरलेल्या मित्राला त्यांनी कमेंटमध्ये लिहिलं होतं, ‘मेल्या, ये तू मिरजेत, जिवंत सोडत नाही.’ सांगली-मिरजेत हे प्रेमाचं वाक्य आहे. यंत्राने ते कसं वाचलं कोण जाणे, आणि नंतर एखाद्या माणसाने वाचलं की नाही हेही कळायला मार्ग नव्हता. आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं आणि पाठिंब्यासाठी समूहातही टाकलं. त्यात चार मुद्दे होते. कोणत्या वाक्याबद्दल कारवाई केली ते दाखवलं नाही. कोणता नियम मोडला ते नेमकं सांगितलं नाही. किती दिवसांसाठी ते सांगितलं नाही. बाजू मांडायला जागा दिली नाही.

पुतणीने औषधवाल्यांच्या जागी काकांचं नाव घातलं आणि कंपनीच्या जागी आमचं. बाकी एक अक्षर बदललं नव्हतं. बदलायची गरजच पडली नाही.

कायदा कुठं लागतो, कुठं नाही

पत्रातले मुद्दे आम्ही हवेतून काढले नव्हते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे मध्यस्थांसाठीचे, म्हणजे समाजमाध्यमांसारख्या कंपन्यांसाठीचे, नियम २५ फेब्रुवारी २०२१ ला निघाले. प्रत्येक माध्यमाने तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निकाल लावायचा, असं त्यात होतं. आमचं प्रकरण याच मुदतींखालचं. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर आणखी एक बंधन : स्वतःहून मजकूर काढायचा तर वापरकर्त्याला आधी कारणांसह कळवायचं आणि त्याला हरकत घ्यायची रास्त संधी द्यायची. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने वर एक पायरी वाढली. तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सरकारी अपिलीय समितीकडं जाता येतं. औषधवाल्यांना तिथवर जावं लागलं नाही. तेराव्या दिवशी अकाउंट सुरू झालं, सोबत एका ओळीचा निरोप.

मग हे नियम आम्हालाही लागू का? वकीलताईंनी दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी एका दमात निकालात काढल्या. ‘काकांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ म्हणून कमेंटमध्ये जी आरडाओरड चालली होती, तिला त्या म्हणाल्या, घटनेचं कलम १९ मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, आपण पाच जण सरकार नाही. मध्यस्थांचे नियम कंपनीवर आहेत, कंपनीच्या आत समूह चालवणाऱ्या हौशी माणसांवर नाहीत. थोडक्यात, कायद्याने आम्ही काकांचं काहीच लागत नव्हतो. ‘पण मग ते पत्र आपण कंपनीला कुठल्या तोंडाने लिहिलं?’ हा प्रश्नही त्यांचाच.

त्या रात्री पुण्याच्या मुलीच्या डोक्यात कायद्याची धास्तीही होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली, आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. दर पुरात अफवांवर कारवाई करू असं पोलीस सांगतात. तिला वाटलं, आपणच आत जाऊ. यावर वकीलताईंनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१ चा निकाल सांगितला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, अ‍ॅडमिनचा त्यात समान इरादा किंवा आधी ठरवून केलेला कट नसेल, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. आमचा समूह व्हॉट्सअ‍ॅपवरचा नाही, पण धास्ती कमी व्हायला तेवढं पुरलं. आधीच विचारलं असतं तर, असं म्हणणं सोपं आहे. रात्री पावणेबाराला वकीलताई झोपलेल्या होत्या.

चूक आणि खोटं

पाणी उतरल्यावर आम्ही पाच जण माझ्या घरी बसलो. पुण्याची मुलगी मुद्दाम आली होती. त्याआधी मी काकांना फोन केला होता. त्यांना राग आकड्यावरून आलाच नव्हता. म्हणाले, ‘आकडा चुकला माझा, कबूल. पण तुम्ही मला चुकला म्हणून काढलं नाही. खोटारडा म्हणून काढलं.’

मी फोन ठेवला आणि नियमाची पहिली ओळ पुन्हा वाचली. खोटी माहिती टाकू नये. मराठीत चूक आणि खोटं हे दोन वेगळे शब्द आहेत, लहान पोरालाही त्यातला फरक कळतो, आणि आम्ही दोन्हीला मिळून एकच शब्द लिहून ठेवला होता. क्यूआर कोडवाला खोटा. व्हिडिओवाला पोरगा बेफिकीर. काका चुकलेले. तिघांना एकच शिक्षा, आणि तीही सगळ्यात मोठी. याउपर मला या प्रकरणात फार शोधायचं राहिलेलं नाही, पण चर्चा पुढं तीन तास चालली, ती सांगतो.

इंजिनिअरिंगचा पोरगा मराठी विकिपीडियावर लिहितो. त्याने तिकडची पद्धत सांगितली. विकिपीडियावर अडवणूक ही नुकसान थांबवायला असते, शिक्षा म्हणून नसते, हे तिथलं धोरणच आहे. आणि अडवलेल्या माणसाला बाकी कुठं लिहिता येत नसलं तरी सहसा स्वतःच्या चर्चापानावर लिहिता येतं, तिथूनच तो दाद मागतो. हे ऐकून औषधवाले म्हणाले, म्हणजे घरात घेतलं नाही तरी ओट्यावर बसू देतात. तो शब्द आम्ही उचलला. आता आमच्याकडं ‘ओटा’ नावाचा एक छोटा वेगळा समूह आहे. काढलेल्या माणसाला तिथं जोडायचं, कारण लिहायचं, पोस्टचा स्क्रीनशॉट ठेवायचा, आणि ज्याने काढलं त्याने सोडून दुसऱ्या मॉडरेटरने त्याचं म्हणणं ऐकायचं. आपण नवीन काही काढलंय असं आम्हाला वाटत होतं. मग कळलं की आकडेवारी जाहीर करा, नोटीस द्या, अपिलाची सोय ठेवा, या तीन मागण्यांची सांता क्लारा तत्त्वं मोठ्या कंपन्यांसाठी २०१८ मध्येच मांडली गेली आहेत.

दुसरा वाद पोस्टचं काय करायचं यावर. माझं मत असं, आणि ते आता नियमात आहे, की पाण्याच्या अंदाजाची पोस्ट काढायची नाही. कमेंट बंद करायच्या आणि वर ठळक अक्षरात प्रशासनाचा आकडा व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक लावायचा. पोस्ट काढली तरी बाहेर फिरणारा स्क्रीनशॉट फिरतच राहतो, आणि खरं काय ते बघायला माणूस परत आमच्याकडं आला की त्याला काहीच सापडत नाही. जुन्या व्हिडिओवाल्याला पहिल्या वेळी फक्त ताकीद आणि दुरुस्ती लिहायला लावायचं, दुसऱ्यांदा सात दिवस. पैसे मागणाऱ्या बिनओळखीच्या अकाउंटला मात्र नोटीसही नाही, ओटाही नाही, सरळ बाहेर. यावर कुणी एक शब्द काढला नाही. आणि ती चौकट कुणीही टिचकवायची नाही, फसवणूक सोडून.

पुण्याची मुलगी शेवटपर्यंत वेगळं बोलत राहिली. ‘तुम्ही सगळे उंचावर राहता. माझी आई गावभागात राहते. त्या रात्री आजीबाईंना रिक्षातून नेताना काही झालं असतं, तर तुम्ही चूक आणि खोटं यातला फरक तिच्या घरच्यांना समजावला असता का?’ याला उत्तर कुणी दिलं नाही. मीही नाही. तिने काकांची स्वतः माफी मागितली ती त्या चौकटीबद्दल, काढण्याबद्दल नाही. काकांनी ती तेवढ्यापुरती घेतली.

पुढच्या पावसाळ्यात

ऑगस्ट २०२५ मध्ये पाण्याने पुन्हा इशारा पातळी ओलांडली तेव्हा नवी पद्धत पहिल्यांदा कामाला लागली, आणि एका ठिकाणी सपशेल फसली. शाळांना सुट्टी असल्याचं एक बनावट पत्र आलं. रात्री कुणालाही काढायचं तर दोन मॉडरेटरांनी हो म्हणायचं, असा आम्ही नियम केला होता. दुसरा मॉडरेटर म्हणजे मी, आणि माझा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. पाऊण तास ते पत्र तसंच राहिलं. सरकारी शिक्का असलेला बनावट कागद हा फसवणुकीतच धरायचा, ही ओळ त्यानंतर नियमात गेली.

व्हिडिओवाला पोरगा आता जुने व्हिडिओ पकडून देण्यात पटाईत झालाय. ते दुकान कधी पाडलं, तो फलक कधी बदलला, त्याला सगळं पाठ.

काका परत आलेत. सकाळी सहाचा वहीचा फोटो येतो, संध्याकाळचा येतो. तक्ता आता आम्ही पाचही जणांनी उतरवून ठेवलाय आणि समूहाच्या नावावर चिकटवलाय. डागाखालची ४१ ची ओळ त्यांनी पुन्हा भरून दिली. फक्त वहीत उजव्या बाजूला ‘हिशोब’ म्हणून एक रकाना आखलेला असायचा, तो आताही आखतात. लोक खाली विचारतात, काका, हिशोब काय म्हणतो? काका १०७७ लिहितात आणि रकाना रिकामा सोडतात.